बुडीत गिरणीचा धनी

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक निळी फाईल आहे. तिच्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, घरपट्टीच्या पावत्या आणि माझी शाळेची प्रगतिपुस्तके आहेत. सगळ्यांच्या तळाशी शेअरबाजाराच्या खात्याचे दोन छापील कागद आहेत. त्या कागदांवर आमच्या घरात कोणी बोलत नाही. आई फाईल उघडते ती वरच्या वर आणि बाबा तर उघडतच नाहीत.

बाबा टर्नर आहेत. तीस वर्षांपूर्वी ते मराठवाड्यातून चिंचवडला आले आणि भोसरी, चाकण, तळवडे अशा ठिकाणच्या लहान लहान वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहून त्यांनी आमचा संसार केला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा मी नववीत होते. ज्या पट्ट्यात रात्रपाळीचा भोंगा आणि कंपन्यांच्या बसगाड्या कधी थांबल्या नाहीत, तो सारा पट्टा एका रात्रीत गप्प झाला. २३ मार्चला मुंबईचा शेअर निर्देशांक एका दिवसात ३,९०० हून अधिक अंशांनी कोसळला. बाबांचा पगार थांबला होता, हात रिकामे होते आणि शेजारचा मुलगा मोबाईलवर सांगत होता की असा पडेल भाव आयुष्यात एकदाच मिळतो. बाबांनी माझ्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेले ऐंशी हजार रुपये काढले. निम्म्यात त्यांनी एका चांगल्या, नावाजलेल्या कंपनीचे शेअर घेतले आणि निम्म्यात दुसऱ्या एका कंपनीचे, ज्यांचा भाव दीडशेवरून चार रुपयांवर आला होता. ही दुसरी आणखी पडली, तेव्हा बाबांनी पहिलीचे शेअर विकून ते पैसेही दुसरीत घातले. पुढे ती कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि तिचे शेअर रद्द झाले. पहिली कंपनी मात्र वर्षभरात कितीतरी पटीने वर गेली.

हे सारे येथे लिहायचे कारण असे. यंदा अर्थशास्त्राच्या सरांनी आम्हांला एका उद्योजकाचे चरित्र वाचून त्यावर टिपण लिहायला सांगितले. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्याला टाटा हे नाव शोधावे लागत नाही. १९६६ मध्ये टेल्कोने येथे पाय रोवले आणि माळरानाचे शहर होण्याला वेग आला. कंपनीचे नाव २००३ मध्ये बदलले, तरी जुनी माणसे अजून टेल्कोच म्हणतात. म्हणून मी जमशेटजी टाटांचे चरित्र हाती घेतले. अपेक्षा अशी होती की पोलाद, ताजमहाल हॉटेल, विज्ञानसंस्था असे नेहमीचे मोठेपण वाचायला मिळेल. पण मला सापडला तो एक वेगळाच माणूस, बाजार कोसळल्यावर बुडीत गिरण्या विकत घेणारा. शिवाय त्याने एकदा हुबेहूब माझ्या बाबांसारखे केले होते. चांगल्या कंपनीचे भाग विकून ते पैसे त्याने बुडणाऱ्या कंपनीत घातले होते. मग तो तरला आणि बाबा का बुडाले, हा प्रश्न मला झोपू देईना. हे चरित्र मी त्या प्रश्नासाठी वाचले आहे, आणि त्याच बेताने येथे सांगत आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे एका पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. पिढ्यान्‌पिढ्या अग्यारीतल्या अग्नीची सेवा करणाऱ्या या घरातून वडील नुसरवानजी यांनी प्रथम व्यापाराची वाट धरली आणि ते मुंबईस आले. मुलगा तेराचौदा वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्यालाही बोलावून घेतले. एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण १८५८ मध्ये पुरे करून जमशेटजी वडिलांच्या पेढीत बसू लागले. पुस्तकांची गोडी त्यांना तेथे लागली ती जन्मभर सुटली नाही. दुसऱ्याच वर्षी पेढीचे काम उभे करण्यासाठी वडिलांनी त्यांना हाँगकाँगला धाडले. तेथे व्यापार होता तो कापसाचा आणि अफूचा. त्या काळच्या मुंबईतील अनेक पेढ्यांची संपत्ती अफूच्या पेट्यांतून आलेली आहे. थोरांचे चरित्र लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवू नये, असे मला वाटते.

ते १८६३ मध्ये मुंबईस परतले, तेव्हा शहराला वेड लागले होते. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो आता मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला. भाव इतके चढले की लोकांनी गाद्या उसवून जुना कापूस विकला, असे सांगतात. कोट्यवधी रुपये शहरात आले. पण एवढ्या पैशाला गुंतायला जागा नव्हती, म्हणून जागा निर्माण करण्यात आल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या ८ कंपन्या होत्या. त्यांपैकी पुष्कळांची मालमत्ता म्हणजे एक पाटी, एक टेबल आणि छापील कागदांचा गठ्ठा. बॅकबेची जमीन अजून समुद्राखाली होती. पण त्या कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या भागाला पन्नास हजारांपर्यंत भाव आला होता. या साऱ्या खेळाचा सूत्रधार होता प्रेमचंद रायचंद नावाचा दलाल. त्याच्या शब्दावर बँका कर्जे देत. व्यापारी, वकील, डॉक्टर, कारकून, सगळेच त्यात उतरले. प्राचीन शिलालेखांचे वाचन करणारे आपले विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांचीही संपत्ती या सट्ट्यात गेली. शहाणपण आणि सट्टा यांची वस्ती एकाच माणसात असू शकते, हे यावरून दिसते.

नुसरवानजींची पेढीही या लाटेत होती. प्रेमचंद रायचंद यांच्या साह्याने लंडनमध्ये एक हिंदी बँक काढावी, असा बेत ठरला आणि ती जुळवाजुळव करण्यासाठी पंचविशीतल्या जमशेटजींना १८६४ च्या अखेरीस विलायतेस पाठवण्यात आले. बँकेचा पाया म्हणून त्यांच्यापाशी जे होते, ते मुंबईतल्या त्याच कंपन्यांचे कागद.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार, ही बातमी मुंबईत पोचताच भाव घसरू लागले. सट्ट्याचे बहुतेक वायदे १ जुलै १८६५ या तारखेचे होते. त्या दिवशी प्रत्येकजण दुसऱ्याकडे पैसे मागत होता आणि कोणाजवळच पैसे नव्हते. एकामागून एक पेढी बसली. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर आला.

येथे मी वाचता वाचता थांबले. कारण ८७ हा आकडा मला ओळखीचा वाटला. २,८५० चा भाग ८७ ला मिळतो, म्हणजे केवढा स्वस्त! त्या वेळीही मुंबईत असा हिशेब करणारी माणसे असतीलच, आणि बाबांनी दीडशेवरून चारवर आलेला भाव पाहून हाच हिशेब केला होता. पण बँक ऑफ बॉम्बेने आपला पैसा भागांच्याच तारणावर वाटून टाकला होता. आत काही उरलेले नव्हते. १८६८ मध्ये ती बँक मोडीत निघाली आणि त्याच नावाची दुसरी बँक नव्याने उभी करावी लागली. पूर्वी भाव किती होता, यावरून आज वस्तू स्वस्त की महाग हे कळत नाही. आत काय उरले आहे, यावरून ते कळते. हा धडा मुंबईने १८६५ मध्ये गिरवला, आणि आम्ही २०२० मध्ये.

लंडनला जमशेटजींच्या हातात आता रद्दीचा गठ्ठा होता. बँकेची गोष्ट संपली होती आणि पेढीचे देणे मात्र उभे होते. परक्या देशात, सव्विसाव्या वर्षी, धनकोंना तोंड चुकवून परतीची बोट पकडणे अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही. ते धनकोंकडे आणि बँकांकडे स्वतः गेले आणि पेढीची खरी स्थिती त्यांनी मांडली. त्या माणसांवर याचा असा परिणाम झाला की पेढीचे व्यवहार गुंडाळून देणी भागवण्याचे काम त्यांनी जमशेटजींच्याच हाती सोपवले आणि त्यासाठी महिना वीस पौंड वेतन ठरवून दिले. स्वतःच्या घरचे दिवाळे स्वतःच निस्तरायचे, हेच त्यांचे व्यापारातले खरे शिक्षण झाले, असे मी मानते. इकडे नुसरवानजींनी देणी देण्यासाठी राहते घर विकले.

सुदैवाने थोड्याच काळात त्यांना हात मिळाला. १८६७-६८ मध्ये इंग्रजांनी ॲबिसिनियावर स्वारी केली. जनरल नेपियरच्या त्या फौजेला रसद पुरवण्याच्या मक्त्यात नुसरवानजींची पाती होती. त्यात चांगला नफा झाला. परंतु १८६८ मध्ये जमशेटजींनी स्वतःची स्वतंत्र पेढी काढली ती अवघ्या २१ हजार रुपयांच्या भांडवलावर. तेव्हा त्यांचे वय एकोणतीस होते.

मग आली पहिली बुडीत गिरणी. १८६९ मध्ये मुंबईत चिंचपोकळी येथे तेलाची एक गिरणी बंद पडून विक्रीस निघाली होती. आधीच्या तेजीत जे उभे राहिले, ते नंतरच्या मंदीत पुष्कळ ठिकाणी असेच पडून होते. जमशेटजींनी काही मित्रांना बरोबर घेऊन ती गिरणी विकत घेतली आणि तिचे रूपांतर कापूस कातण्याविणण्याच्या गिरणीत केले. तिला ॲलेक्झांड्रा मिल असे नाव दिले. दोन वर्षे नीट चालवून त्यांनी ती चांगल्या नफ्याने विकून टाकली.

या पहिल्या व्यवहाराकडे पाहताना मला कुदळवाडीची आठवण झाली. मी लहान असताना बाबा ज्या वर्कशॉपमध्ये होते, त्याच्या मालकांनी कुदळवाडीतल्या भंगाराच्या गोदामातून एक जुना लेथ आणला होता. घेण्याआधी ते बाबांना बरोबर घेऊन गेले. बाबांनी रंगाकडे पाहिले नाही की गंजाकडे पाहिले नाही. लेथच्या बेडवरून त्यांनी बोट फिरवले, स्पिंडल हाताने हलवून पाहिला, आणि घ्या म्हणाले. बेड शाबूत असेल तर बाकीचे बदलता येते आणि बेड झिजला असेल तर फुकट मिळाला तरी तो लेथ महाग, हे त्यांना पक्के ठाऊक होते. महिनाभर खपून त्यांनी तो लेथ चालू केला. चिंचपोकळीची गिरणी घेताना जमशेटजींनी नेमके हेच केले. तेलाचा धंदा मेला होता, पण इमारत आणि जागा जिवंत होती. त्यांनी विकत घेतली ती जिवंत असलेली गोष्ट.

दुसरा कोणी असता तर अशाच चारदोन गिरण्या घेऊन विकत राहिला असता. जमशेटजी मात्र पुन्हा इंग्लंडला गेले, लँकेशायरच्या गिरण्या त्यांनी विद्यार्थ्याच्या वृत्तीने पाहिल्या आणि परत येऊन १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलाची एक कंपनी स्थापन केली. गिरणीसाठी त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले, याचे तेव्हा सर्वांना नवल वाटले. पण त्यांचा विचार सरळ होता. कापूस जेथे पिकतो तेथेच गिरणी असावी, वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे, आणि रेल्वे नागपुरास पोचलेली आहे. जागा दलदलीची होती, ती भर घालून उचलावी लागली. नागपूरच्या एका सावकाराने असे सांगून पैसे नाकारले की हा माणूस सोने जमिनीत पुरतो आहे. पुढे त्याच सावकाराला कबूल करावे लागले की त्याने पुरली ती माती आणि काढले ते सोने. १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीला व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्याच दिवशी, ही गिरणी सुरू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल.

या गिरणीत त्यांनी आरंभी एक चूक केली, आणि ती आपल्या विषयाला धरून आहे. सुरुवातीची यंत्रे त्यांनी काटकसरीने घेतली होती. ती निकृष्ट निघाली आणि माल चांगला उतरेना. स्वस्त यंत्र महाग पडते, हे कळताच त्यांनी ती काढून टाकली व नवी आणली. मग मात्र ते नव्या यंत्रांच्या शोधातच राहिले. रिंग चात्या नव्यानेच निघाल्या होत्या आणि विलायतेतले गिरणीवालेही त्या घ्यायला कचरत होते. जमशेटजींनी त्या नागपुरात लावून पाहिल्या आणि उत्पादन वाढल्यावर जुन्या काढून सर्वत्र त्याच बसवल्या. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. बेझनजी रेल्वेत नोकरी केलेले गृहस्थ, गिरणीची माहिती शून्य. पण माणसे हाताळण्याची हातोटी त्यांना होती, आणि जमशेटजींनी तीच पाहिली. १८८६ मध्ये या गिरणीत कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये कामावर अपघात झाल्यास भरपाई देण्याची सोय झाली. कायद्याने हे बंधन घालण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ज्यांचे वडील यंत्रावर उभे राहतात, त्यांना हे दोन सनावळे विसरता येत नाहीत.

आता त्या दुसऱ्या बुडीत गिरणीकडे वळू.

मुंबईजवळ कुर्ला येथे धरमसी नावाची एक मोठी गिरणी होती. तिच्यावर अफाट पैसा ओतूनही ती चालली नाही आणि १८८६ मध्ये ती विक्रीस आली. उभारणीच्या खर्चाच्या मानाने मातीमोल भाव होता, साडेबारा लाख रुपये. जमशेटजींनी ती घेतली. बारीक सुताचे कापड देशातच निघावे, ही त्यांची आकांक्षा होती. त्यांनी नव्या कंपनीचे नाव ठेवले स्वदेशी मिल. राष्ट्रसभेची स्थापना होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते आणि वंगभंगाची स्वदेशी चळवळ अजून वीस वर्षे दूर होती.

पण या वेळी त्यांचे बोट बेडवरून नीट फिरले नव्हते. सतरा वर्षांचा अनुभव, एम्प्रेसचे यश, एवढे सारे असूनही ते फसले. यंत्रे त्यांना वाटले होते त्याहून फार वाईट स्थितीत होती. काही भंगारात काढण्याच्याच लायकीची होती. दुरुस्तीला वेळ लागेल तसा पैसा संपू लागला. माल बाहेर पडला, तो चीनच्या बाजारातून नापसंत म्हणून परत येऊ लागला. ज्यांनी केवळ टाटांच्या नावावर विसंबून भाग घेतले होते, त्यांच्या भागांचा भाव कोसळला. बाजारात कुजबूज सुरू झाली की या वेळी टाटा बुडणार. एका बँकेने कर्ज द्यायचे नाकारले, ही बातमी तर अशा वेळी आगीत तेल ओतणारी.

येथे त्यांनी ते केले, ज्यामुळे मी हे चरित्र दोनदा वाचले. एम्प्रेस मिलचे त्यांचे स्वतःचे भाग, म्हणजे त्यांच्या आयुष्यातली सर्वांत चांगली मिळकत, त्यांनी बाजारात विकायला काढले आणि तो पैसा स्वदेशीत घातला. व्यवहाराच्या साऱ्या शहाणपणाविरुद्ध ही गोष्ट आहे. फळ देणारे झाड तोडून वठलेल्या झाडाला पाणी घालू नये, असे कोणीही सांगेल.

मात्र पैसा घालून ते घरी बसले नाहीत. नागपूरहून त्यांनी निवडक जाणकार माणसे कुर्ल्याला आणली. कामाच्या पद्धती बदलल्या, जुनी यंत्रे काढून नवी आणली आणि स्वतः जातीने गिरणीत लक्ष घातले. प्रकृतीवर परिणाम झाला, तरी हे काम सोडले नाही. हळूहळू सूत सुधारले. काही वर्षांतच स्वदेशीच्या सुताला त्याच चीनच्या बाजारात मान मिळू लागला. ज्या भागधारकांनी त्या वाईट काळात धीर धरला, त्यांना त्याचे फळ मिळाले. ज्यांनी घाबरून विकले, त्यांना दोष देण्याचे मात्र मला धाडस होत नाही. आत काय चालले आहे ते त्यांना दिसत नव्हते.

पुढचा भाग सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १८९३ मध्ये जपानला सूत नेणाऱ्या परदेशी बोट कंपनीच्या अवाच्या सवा भाड्याविरुद्ध त्यांनी लढा दिला. त्याच वर्षी जपानहून अमेरिकेकडे जाताना बोटीवर त्यांची स्वामी विवेकानंदांशी भेट झाली. १८९८ मध्ये विज्ञानाच्या उच्च शिक्षणसंस्थेसाठी त्यांनी तीस लाखांची मिळकत देऊ केली. तिच्यातून बंगळूरची संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली. १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले. पोलादाचा कारखाना आणि सह्याद्रीच्या पावसाच्या पाण्यावर वीज, ही दोन स्वप्ने मात्र अपुरी ठेवून १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नौहाइम येथे त्यांचे निधन झाले. मुलगा दोराबजी आणि त्यांचे सहकारी यांनी ती पुरी केली. १९०७ मध्ये पोलादाच्या कंपनीसाठी लंडनमध्ये भांडवल मिळेना, तेव्हा मुंबईत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत ते उभे केले. ज्या शहराने १८६५ मध्ये कागदांवर पैसा उधळला, त्याच शहराने चाळीस वर्षांनी लोखंडावर पैसा लावला. पुढे १९२४ मध्ये ही पोलाद कंपनीही बुडण्याच्या बेतात आली आणि दोराबजींनी पत्नीच्या हिऱ्यासकट आपली खासगी मालमत्ता बँकेकडे गहाण टाकून तिच्यासाठी कर्ज उभे केले. बापाने कुर्ल्याला जे केले, तेच मुलाने जमशेदपूरसाठी केले.

आणि त्या गिरण्या? त्यांतली एकही आज चालू नाही. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांच्या हातून सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागेवर आज एम्प्रेस सिटी नावाचे बाजारसंकुल आहे. कुर्ल्याच्या स्वदेशीचेही तेच झाले. गिरणी कितीही चांगल्या धन्याने घेतली तरी ती अमर होत नाही. म्हणून जुन्या नावावर विसंबून शेअर घेणाऱ्यांनी या दोन जागा एकदा जाऊन पाहाव्यात.

आता माझा प्रश्न. टाटा तरले आणि बाबा का बुडाले?

पहिले सोपे उत्तर असे की टाटा मोठे होते आणि बाबा लहान. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. १८६५ मध्ये प्रेमचंद रायचंद टाटांहून मोठा होता आणि तोही बुडाला. दुसरे उत्तर असे की बाबांनी अविचार केला. तेही पुरे पडत नाही. कुर्ल्याची गिरणी घेताना जमशेटजींचाही अंदाज चुकलाच होता. वाईट वस्तू स्वस्तात घेण्याची चूक दोघांनीही केली. चांगले विकून वाईटात घालण्याचे धाडसही दोघांनी केले.

मला सापडलेले उत्तर निराळे आहे. जमशेटजींनी बुडीत गिरणी घेतली तेव्हा तिच्या दाराची किल्ली त्यांच्या हातात आली. आत जाऊन चुकीचे यंत्र उपटता येत होते, नागपूरचा माणूस तेथे बसवता येत होता. स्वस्तात घेतलेली वस्तू दुरुस्त करण्याची ताकद आणि वेळ ज्याच्यापाशी आहे, त्यालाच ती खरोखर स्वस्त पडते. बाबांनी घेतलेल्या कंपनीचे दार त्यांना कधी दिसलेही नाही. त्यांच्या हाती होता मोबाईलच्या पडद्यावरचा एक आकडा, आणि आकड्याला पाना लावता येत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर तुटलेली यंत्रे बरी केली, त्याने पहिल्यांदाच अशी मोडकी वस्तू विकत घेतली, जिला हात लावण्याचा अधिकार त्याला नव्हता. शिवाय तो पैसा बाजूला पडलेला नव्हता, त्याच्यावर माझ्या शिक्षणाची तारीख लिहिलेली होती. जमशेटजींना काही वर्षे थांबता आले. आम्हांला दहावीचा निकाल लागेपर्यंतच थांबता येत होते.

तेव्हा आमच्यासारख्यांनी पडत्या बाजारात काहीच घेऊ नये काय? असे मी म्हणणार नाही. बाबांनी घेतलेली पहिली कंपनी योग्यच होती. तिचा बेड शाबूत होता. तिच्या गेटमधून पाळ्या सुटताना आम्ही रोज पाहत होतो, तिच्यासाठी सुटे भाग करणारी वर्कशॉपे आमच्या शेजारी होती. भाव पडला होता तो साथीमुळे. ज्याला दुरुस्तीचा अधिकार नाही, त्याने दुरुस्तीची गरज नसलेलीच वस्तू घ्यावी आणि मग हातात धरून बसावे, एवढेच या चरित्रातून मला लहान माणसाच्या उपयोगाचे सापडले. वठलेल्या झाडाला पाणी घालण्याची चैन फक्त बागेच्या धन्याला परवडते.

मला दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचे होते, ते झाले नाही. त्याची अढी मी बाबांविषयी पाच वर्षे मनात धरली, हेही येथे कबूल करते. टिपण लिहून झाल्यावर मी ते त्यांना वाचून दाखवले. चिंचपोकळीच्या गिरणीपाशी त्यांनी मान हलवली. कुर्ल्याच्या गिरणीपाशी ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले की यंत्रे एवढी खराब होती, तर घेण्यापूर्वी टाटांनी कोणा फिटरला नेऊन दाखवली नव्हती काय. या प्रश्नाचे उत्तर चरित्रात नाही. पण त्या रात्री कपाटातली निळी फाईल बाबांनी स्वतः काढली आणि ते दोन कागद माझ्यासमोर ठेवून, कोणता शेअर कधी आणि का घेतला, ते पहिल्यापासून सांगायला बसले.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)